खुर्चीतून उठण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

२०१८ च्या एप्रिलमध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये एक बाई केस कापून घ्यायला गेल्या. पुढे चेहऱ्यावर येतील अशा लांब बटा ठेवा आणि मागे खालून चार इंच सरळ कापा, असं त्यांनी सांगितलं होतं. कापून झाल्यावर पाहतात तर वरून चारच इंच केस उरलेले, जेमतेम खांद्याला टेकणारे. त्यांनी मॅनेजरकडे तक्रार केली, पण समाधान होईल असं उत्तर मिळालं नाही. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेलं आणि २०२१ मध्ये आयोगाने हॉटेलला त्यांना दोन कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द केली. सेवेत त्रुटी होती, हा आयोगाचा निष्कर्ष न्यायालयाने तसाच ठेवला. इतकं नुकसान झाल्याचा पुरावा मात्र हवा, असं सांगून प्रकरण परत पाठवलं. त्यानंतरही ते चालूच राहिलं.

दोन कोटींचा आकडा ऐकून तेव्हा सलूनवाल्यांच्या छातीत धडकी भरली होती. माझं मन अडकलं ते त्या चार इंचांवर. चार इंच खालून की वरून, हे केस कोरडे असताना, कात्री लागण्याआधी, बोट ठेवून एकदा दाखवलं असतं तर? आणि कापल्यावर तक्रार आली तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत कोणी नीट ऐकून घेतलं असतं तर? गोव्यातल्या फोंड्यात सलून चालवणारी बाई म्हणून आज मी तुमच्याशी या पाच मिनिटांबद्दलच बोलणार आहे. खुर्चीत बसणाऱ्यांशीही बोलणार आहे आणि खुर्चीमागे उभं राहणाऱ्यांशीही.

आपल्याकडे गिऱ्हाईक सहसा भांडत नाही. ‘कसं झालं?’ असं विचारलं की ‘बरें आसा’ म्हणतं, पैसे देतं आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातं. म्हणून मी माझ्या सलूनमधल्या मुलींना शिकवते की तोंडाचं उत्तर ऐका आणि हाताकडे बघा. आवडलेलं माणूस आरशात बघून मान इकडेतिकडे वळवतं. न आवडलेल्याचा हात पुन्हा पुन्हा एकाच जागी जातो. मानेवर, नाहीतर कानामागे. ती जागा ओढून बघतात, जणू ओढली की लांब होईल. हात असा गेला की अ‍ॅप्रन काढायचा नाही. ‘ताई, इथे काही खटकतंय का?’ असं आपणच विचारायचं. अ‍ॅप्रन निघाला, पैसे दिले, दार उघडलं, की मग परत येऊन बोलायला माणसाला फार धीर लागतो.

चष्मेवाल्यांचं तर वेगळंच. चष्मा काढून ते बसतात आणि पाऊण तास त्यांना आरशात धुकं दिसतं. शेवटी चष्मा लावल्यावर पहिल्यांदा आपलं डोकं दिसतं, तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. कापताना मध्ये एकदा थांबून चष्मा त्यांच्या हातात द्यायला किती वेळ लागतो? मागचं दाखवायचा हातआरसाही तसाच. कितीतरी ठिकाणी तो मानेमागे नुसता फिरवतात. तो धरून ठेवायचा, त्यांनी नजर स्थिरावून बघेपर्यंत.

आता तक्रार आलीच, तर पहिलं काम कात्री खाली ठेवण्याचं. हातात कात्री घेऊन ऐकणारा माणूस ऐकत नसतो, पुढे कुठे कापायचं ते शोधत असतो. आणि दोन वाक्यं अजिबात बोलायची नाहीत. एक, ‘तुम्हीच असं सांगितलं होतं.’ दुसरं, ‘दोन दिवसांत बसेल.’ पहिल्याने भांडण लागतं. दुसऱ्याने माणूस गप्प होतं, आणि ते मला भांडणापेक्षा वाईट वाटतं. केस दोन दिवसांत थोडे बसतात हे खरंच आहे, पण समोरच्याचं बोलणं पूर्ण होण्याआधी ते सांगितलं तर त्याचा अर्थ ‘आता जा’ असाच निघतो. त्यापेक्षा म्हणावं, ‘काकी, कुठे ते हात लावून दाखवा.’ आमच्या गोव्यातल्या सलूनमध्ये कारागीर बऱ्याचदा उत्तर प्रदेशचे किंवा बिहारचे असतात. गिऱ्हाईक कोकणीत बोलतं, मालक मराठीत, कारागीर हिंदीत. बोट ठेवलेलं तिघांनाही कळतं.

जागा कळली की मग तक्रार कोणत्या जातीची आहे ते बघायचं. केस लांब राहिले असतील तर ती तक्रारच नव्हे. खुर्ची आहे, कात्री आहे, दोन मिनिटांचं काम. एक बाजू वर, एक खाली वाटत असेल तर लगेच छाटायला जाऊ नये. केस आधी पूर्ण वाळवावेत. माणूस पायावर पाय टाकून बसलं असेल तर पाय खाली ठेवायला सांगावं, कारण तसं बसलं की खांदे कलतात आणि सरळ कापलेलंही वाकडं दिसतं. कानांवरून माप घेऊ नये, पुष्कळांचे दोन कान एका उंचीवर नसतात. ही खात्री न करता जो डावीकडे थोडं, मग उजवीकडे थोडं असं करत जातो, तो शेवटी दोन्ही बाजूंना गालांपर्यंत येऊन थांबतो.

तिसरी तक्रार सगळ्यांत अवघड: फार कमी केले. इथे कोणाचीच कला चालत नाही. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा इंच वाढतात. चार इंच गेले तर आठ महिन्यांची बाब झाली. हे गिऱ्हाइकाला खरंखरं सांगायला हवं. ‘लांबी माझ्याकडून जास्त गेली. ती मला आज परत देता येणार नाही. पण आहे त्या लांबीत चेहऱ्याला चांगला दिसेल असा आकार देता येईल, आणि तोही तुम्ही हो म्हणालात तरच.’ काही जणी त्या वेळी नको म्हणतात. त्यांना आता कात्रीची भीती बसलेली असते. तर मग नको. जबरदस्तीने दुरुस्ती करू नये.

काही तक्रारी घरी गेल्यावर उगवतात आणि त्यांना खोट्या म्हणणं हा अन्याय आहे. ‘दुकानात छान दिसत होतं, घरी पोचेपर्यंत फुगलं.’ अहो, फुगणारच. ड्रायरने आपण केसाला जो आकार देतो तो केसातल्या ज्या नाजूक बंधांवर उभा असतो, ते पाण्याने सुटतात, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या हवेत पाणी किती असतं ते गोव्याच्या माणसाला मी सांगायला नको. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, मग ब्लो-ड्राय कसा टिकेल? कुरळ्या केसांचं आणखी एक आहे. ओला केस ताणून कापला की तो वाळल्यावर आखडतो आणि लांबी दिसायला इंच-दोन इंच कमी होते. कारागिराने बरोबर मापाने कापलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला चुकीचं मिळालेलं असतं. दोघंही खरं बोलत असतात! म्हणून पावसाळ्यात केस कापून झाल्यावर थोडा वेळ पंख्याखाली आपोआप वाळू द्यावेत आणि मग ते कसे बसतात ते त्यांना दाखवावं. तोच आकार त्यांच्यासोबत घरी जाणार असतो.

भोवऱ्याचंही तसंच. डोक्यावर मागे, किंवा कपाळाजवळ, केसांचा भोवरा असला की तिथले केस आखूड केल्यावर उभे राहतात. कापण्याआधी बोट फिरवून तो शोधायला हवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीनंतर उभी राहिलेली ती शेंडी घेऊन मुलगा दारात येतो, आणि त्याचं बरोबर असतं.

पुरुषांच्या तक्रारींत मशीनचा नंबर सर्वांत जास्त. एक नंबरची कंगवी म्हणजे साधारण तीन मिलिमीटर, दोन म्हणजे सहा, तीन म्हणजे दहाच्या आसपास. कंपनी बदलली की थोडाफार फरक पडतो. ‘दोन नंबर’ म्हणणाऱ्या माणसाला खरोखर सहा मिलिमीटर हवे असतात का, की मागच्या दुकानात कोणी तसं म्हटलेलं त्याच्या लक्षात राहिलंय? मोठ्या नंबरपासून सुरू करून खाली यावं. उलटं जाता येत नाही.

आणि बाप-लेक एकत्र आले की फार जपावं. मुलगा पंधरा वर्षांचा, त्याला बाजूला फेड हवा, म्हणजे खाली जाताना केस आखूड होत जाणारा कट. वडिलांना ‘शाळेत चालेल असं’ हवं. वडील मागे बाकावर मोबाइलमध्ये, मुलगा हळूच कारागिराच्या कानात सांगतो. कापून झाल्यावर वडील ओरडतात. किंवा वडिलांच्या मनासारखं होतं आणि मुलगा आरशात बघून डोळे पुसतो, आणि त्या तक्रारीकडे कोणी लक्ष देत नाही. मला ते चालत नाही. डोकं त्याचं आहे, उद्या वर्गात त्याला बसायचंय. खुर्चीत बसवण्याआधी दोघांना एकत्र उभं करून विचारावं, ‘बाबा काय म्हणतात? तू काय म्हणतोस? शाळेचा नियम काय आहे?’ तिथे एकमत झाल्याशिवाय मशीन चालू करू नये.

रक्त आलं, पुरळ उठलं, टाळू भाजली, तर ती केसांच्या आकाराची तक्रार नाही. काम थांबवा, जखम धुवा, ते ब्लेड फेकून द्या, आणि डाय किंवा केमिकलने आग होत असेल तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे पाठवा. इथे समजूत घालत बसायचं नाही.

चवथीआधीचे दिवस आमच्या धंद्यात सगळ्यांत कठीण. ज्या घरांत श्रावण पाळतात तिथे महिनाभर केसांना कात्री लागत नाही. श्रावणातली अमावास्या संपली की चवथीपर्यंत मध्ये दोन-तीन दिवस उरतात आणि सगळा गाव त्या दिवसांत येतो. मुंबईहून आलेले, गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीचं सामान घ्यायला बाजारात निघालेले, शाळेची पोरं, सगळे. बाकड्यावर दहा जण बसलेले असताना खुर्चीतलं माणूस ‘मागे थोडं बघा ना’ म्हणालं तर कारागिराच्या कपाळावर आठी येते. ती आठी बघून पुढचं बोलणं तिथेच संपतं. या दिवसांत मी सरळ सांगते, ‘आज गर्दी आहे, तुमचं काम घाईत बिघडवायचं नाही. पाच दिवसांचे गणपती झाले की दुपारी या, बिनपैशांत नीट करून देते.’ आणि वहीत नाव लिहून ठेवते. वहीत लिहिलेलं बघितलं की माणसाचा विश्वास बसतो. लग्नाच्या नवरीने मात्र असल्या दुरुस्तीवर विसंबू नये. नवा कट करायचा तर लग्नाआधी तीन-चार आठवडे, शेवटच्या आठवड्यात फक्त टोकं.

पैशांबद्दलही बोलते, कारण ते कोणी उघड बोलत नाही. दुरुस्ती फुकट हवी, आठवड्याच्या आत हवी, आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या कारागिराकडून हवी असेल तर तसं मागता यायला हवं. आकार सुधारण्यासारखाच नसेल तर पैसे परत. इथपर्यंत बरेच मालक येतात. पण पुढे काय करतात? कारागिराच्या कमिशनमधून ते पैसे कापतात, वर सगळ्यांसमोर त्याला बोलतात. मला याची चीड येते. घरापासून दीड-दोन हजार किलोमीटर दूर येऊन दिवसभर उभं राहून काम करणारा तो मुलगा, त्याचे पैसे कापले तर पुढच्या वेळी तो तक्रार तुमच्यापर्यंत येऊच देणार नाही. ‘बसेल, बसेल’ म्हणून वाटेला लावेल. दुरुस्तीच्या वेळेचे पैसे त्याला दुकानाने द्यावेत. मग बघा, तोच येऊन सांगतो, ‘मॅडम, इनको पीछे से ठीक नहीं लगा.’

ऐकणाऱ्या गिऱ्हाइकांनो, तुम्हीही थोडं करा. हवा तसा फोटो न्या, पण तुमच्यासारखेच केस असलेल्या माणसाचा. बिल मागून घ्या. आवडलं नाही तर त्याच दिवशी मागून, पुढून फोटो काढा, आणि घरी कात्री हातात घेऊ नका. घरी कापलेल्यावर दुरुस्ती फार अवघड होते. दुकान दुपारी बंद होतं त्याच्या आधीचा किंवा उघडल्यावरचा शांत वेळ गाठून परत या. मालक ऐकतच नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, उत्तर गोव्यातही आणि दक्षिण गोव्यातही. तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला फी नाही, आणि केस कापायला त्याहून जास्त कोण देतो!

माझ्या सलूनवाल्या भावंडांना एक शेवटची विनंती. ज्यांची लांबी जास्त गेली, त्यांना महिन्याने स्वतःहून फोन करा. तोवर अर्धा इंच वाढलेला असतो, मानेजवळचा आकार मोडायला लागलेला असतो. ‘या, तेवढं नीट करून देते, पैसे नकोत,’ असं म्हणा. पुढे दर महिन्याला, केस पहिल्यासारखे होईपर्यंत. बहुतेक जणी येतात. काही जणी येत नाहीत, त्यांचाही फोन घ्या आणि त्या जे बोलतील ते ऐकून घ्या.

नमस्कार.