कणाचा हिशेब

(दृश्य: लोण्याचा उघडा डबा. कडेला पावाचे दोन-तीन बारीक कण चिकटलेले.)

कुणीतरी पावाला लोणी लावलं आणि तीच सुरी पुन्हा डब्यात घातली. झालंय इतकंच. घरातल्या बाकीच्यांच्या हे लक्षातही यायचं नाही, पण ज्याला सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होण्याचा आजार, आहे त्याच्यासाठी हा डबा बाद झाला.

अतिच करतात, असं वाटतं ना? मग आकडे बघू.

गव्हाच्या पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण 2 ते 3 ग्रॅम ग्लुटेन असतं. 2007 साली इटलीतल्या डॉक्टरांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. पथ्य नीट पाळणाऱ्या सिलिॲक रुग्णांना तीन महिने रोज कॅप्सूल दिली होती. काहींच्या कॅप्सूलमध्ये 50 मिलिग्रॅम ग्लुटेन, काहींच्या 10, तर काहींच्या अजिबात नाही. 50 मिलिग्रॅमवाल्यांच्या आतड्याचं अस्तर बिघडलेलं दिसलं. 50 मिलिग्रॅम म्हणजे स्लाइसचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक. 10 मिलिग्रॅमवाले बहुतेक जण निभावून गेले. बहुतेक. त्यांच्यातल्या एका रुग्णाची जुनी लक्षणं मात्र उलटली.

ही फिल्म त्या एकासारख्या माणसांबद्दल आहे.

(दृश्य: ॲनिमेशन. लहान आतड्याचं अस्तर, त्यावर बोटांसारखे उभे रसांकुर.)

ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन. आपले पाचकरस ते पुरतं पचवू शकत नाहीत. कुणाचेच पचवू शकत नाहीत. त्याचे लांबलचक तुकडे शिल्लक राहतात आणि बहुतेकांच्या पोटातून निमूट पुढे जातात. सिलिॲकमध्ये हे तुकडे अस्तराच्या आत शिरतात. तिथं ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर त्यांत एक छोटा रासायनिक बदल करतं. ज्यांच्याकडे डीक्यू2 किंवा डीक्यू8 ही जनुकीय ठेवण आहे, त्यांच्या पेशी हा बदललेला तुकडा टी-पेशींपुढे, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या शिपायांपुढे, धरतात आणि टी-पेशी त्याला शत्रू समजतात. भांडण त्या तुकड्याशी, नासधूस स्वतःच्या आतड्याची. रसांकुर झिजून सपाट होतात. खाल्लेलं अंगी लागत नाही. लोह कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात, वरचेवर तोंड येतं, थकवा हटत नाही. कुणाला जुलाब, कुणाला उलट बद्धकोष्ठ, आणि कुणाची पोटाची तक्रारच नसते.

शंभरात साधारण एकाला हा आजार असतो. आणि टी-पेशी विसरत नाहीत. म्हणून "आता बरं आहे ना, मग थोडंसं खा की" हा प्रेमाचा आग्रहही मोडावाच लागतो.

गव्हाचा गुन्हा सापडायलाही फार उशीर झाला. 1888 साली लंडनच्या सॅम्युएल जी यांनी आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि बरा होणार असेल तर तो आहारानंच होईल, असंही सांगितलं. कोणत्या आहारानं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते दाखवून दिलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. गव्हावर त्यांचा संशय युद्धाआधीपासूनच होता. 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात नेदरलँड्समधला पाव संपला, तेव्हा तो बळावला. 1950 साली त्यांनी आपल्या प्रबंधात ते सिद्ध करून मांडलं.

(दृश्य: पाकिटावरचा 'ग्लुटेनमुक्त' हा शिक्का, अगदी जवळून.)

या शिक्क्याचा अर्थ 'ग्लुटेन शून्य' असा होत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असलं तरी हा शब्द छापता येतो. अमेरिका आणि युरोपातही हीच मर्यादा आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. चाचण्यांना खात्रीनं मोजता येईल आणि बहुतेक रुग्णांना सोसेल, असा तो मधला बिंदू आहे. पण गणित इथंच संपत नाही. मर्यादेच्या अगदी काठावरचा माल दिवसभरात 100 ग्रॅम खाल्ला तर पोटात 2 मिलिग्रॅम ग्लुटेन जातं, अर्धा किलो खाल्ला तर 10. पाव, बिस्किटं, नाश्त्याचे पोहेवजा प्रकार असं सगळंच 'मुक्त' पाकिटातलं खाणाऱ्याची बेरीज गुपचूप वाढत जाते. ही मर्यादा पदार्थाला लावलेली आहे, ताटाला नाही.

(दृश्य: पिठाची चाळणी उजेडासमोर धरलेली.)

ही चाळणी धुतलेली आहे. जाळीच्या कोपऱ्यात बघा, जिथं पत्र्याची कड दुमडलीय तिथं पिवळसर काहीतरी घट्ट बसलंय. पीठ ओलं झालं की ग्लुटेनला चिकटपणा येतो. मग ते जाळीत, लाकडी चमच्याच्या भेगांत, घासून खरखरीत झालेल्या तव्यावर रुतून बसतं. उकळल्यानं किंवा भाजल्यानं ते मरत नाही, कारण मरायला ते जंतू नाहीच. सॅनिटायझरही तिथं काही कामाचं नाही. साबण, वाहतं पाणी आणि घासणं, एवढंच उपयोगी पडतं. चाळणीचं मात्र सरळ सांगायचं तर, वेगळीच घ्यावी.

सगळी भीती सारखी खरी असते, असंही नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात गव्हाच्या पास्त्याच्या पाण्यातच ग्लुटेनमुक्त पास्ता शिजवला, तेव्हा त्यातलं ग्लुटेन मर्यादेच्या वर गेलं. एकाच टोस्टरमध्ये भाजलेल्या ग्लुटेनमुक्त पावात मात्र ते मर्यादेच्या आतच राहिलं. ज्या टोस्टरपायी घराघरांत वाद झाले, तो बराचसा निर्दोष निघाला आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं पाणी दोषी ठरलं! एका अभ्यासावर सगळा भार टाकू नये, हे खरं. आणि मर्यादेच्या आत म्हणजे अतिसंवेदनशील माणसाला सोसेलच, असंही नाही.

इथं एक गुंता आहे. त्रास आणि इजा यांचं माप एकच नसतं. एखाद्याचं अस्तर सपाट झालेलं असतं आणि त्याला जाणवत काहीच नाही. दुसऱ्याला कणभरानं उलट्या होतात, दोन दिवस अंथरूण सुटत नाही, डोकं धुकं भरल्यासारखं होतं, तरी बायोप्सीत, म्हणजे अस्तराचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, फारसं काही दिसत नाही. मग त्याला ऐकावं लागतं, "मनाचे खेळ आहेत." ते मनाचे खेळ नसतात. सिलिॲक रुग्णानं ग्लुटेन खाल्लं की काही तासांतच रक्तात इंटरल्युकिन-2 हा संदेशवाहक पदार्थ वाढतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलंय. टी-पेशी जाग्या झाल्याची ती खूण आहे, आणि मळमळ-उलटीचा काळही त्याच्याशी जुळतो.

तरी प्रत्येक पोटदुखी कणावर ढकलणं धोक्याचं. आतडं बिघडलेलं असताना दूध पचत नाही. स्वादुपिंडाचा रस अपुरा पडू शकतो. मोठ्या आतड्याचा वेगळाच दाहही सोबत असू शकतो. नेमकं कारण शोधायचं तर ते शिस्तीनं शोधावं लागतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या एका केंद्रात पथ्य पाळूनही बरं न वाटणाऱ्यांना काही महिने फक्त ताजं, प्रक्रिया न केलेलं अन्न दिलं: साधा तांदूळ, भाज्या, फळं, मांस, अंडी. कारखान्यातून आलेलं जवळपास काहीच नाही. त्यांतल्या बहुतेकांना उतार पडला. म्हणजे आजार हट्टी नव्हता, ग्लुटेनच कुठून तरी पोटात जात होतं.

(दृश्य: जेवणाचं टेबल. एकजण डब्यातून आणलेलं खातोय, बाकीचे वाढून घेतायत.)

आतड्याइतकाच ताण येतो तो विचारण्याचा. चमचा कुठला होता, सॉस कुठला, तळणीचं तेल वेगळं होतं का? समोरचा मनापासून "काही नाही हो, चालेल" म्हणतो, आणि त्याचा खोटं बोलण्याचा इरादाही नसतो. त्याला फक्त सोयासॉसमध्ये गहू असतो हे माहीत नसतं. डोळ्यांत तेल घालून जगणाऱ्यांचं पथ्य चांगलं राहतं, पण जगण्यातली मजा कमी होते, असं 2018 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. त्यावर "इतकं मनावर घेऊ नका" हा सल्ला मला पोकळ वाटतो. निम्मी काळजी स्वयंपाक करणाऱ्यानं उचलली, तर खाणाऱ्याला ती कमी करता येईल.

सिलिॲकवर मंजूर झालेलं औषध अजून नाही. ट्रान्सग्लुटामिनेजला अडवणाऱ्या एका गोळीचे 2021 साली आलेले निष्कर्ष आशादायक होते. असल्या औषधांकडून मुख्य अपेक्षा आहे ती पथ्य चालू असताना चुकून पोटात गेलेल्या ग्लुटेनला आवर घालण्याची.

आणि बघणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःबद्दल शंका आली असेल, तर उद्यापासून गहू बंद करू नका. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी आणि बायोप्सी या दोन्ही ग्लुटेन खात असतानाच खऱ्या ठरतात. आधी पथ्य सुरू केलं तर आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. मग निदानासाठी पुन्हा कित्येक आठवडे ग्लुटेन खावं लागतं, आणि कणभरानं आडवा होणारा माणूस त्याला तयार होत नाही. अशांसाठी जनुकांची तपासणी आहे. तिला काही खावं लागत नाही. ती 'हो' म्हणाली तर फारसं सिद्ध होत नाही, कारण ती जनुकं कितीतरी निरोगी माणसांतही असतात. पण डीक्यू2 आणि डीक्यू8 दोन्ही नसतील, तर सिलिॲक जवळपास नाहीच असं समजून डॉक्टर दुसरीकडे शोध सुरू करू शकतात.