बाकड्याचा बट्ट्याबोळ

श्रोते हो, नमस्कार.

बैठक फिसकटली, कागद इकडचे तिकडे झाले, संघ पन्नाशीत गारद झाला, की इंग्रजी बोलणारा वैतागून म्हणतो, ‘शॅम्बल्स!’ आपण म्हणू, पार बट्ट्याबोळ. आता गंमत ऐका. हा शब्द मुळात एक बाकडं आहे. साधं, लाकडी.

लॅटिनमध्ये ‘स्कॅमनम’ म्हणजे बाक, आणि त्याचं धाकटं रूप ‘स्कॅमेलम’. त्यावरून आलेल्या ‘शेमेल’वर, म्हणजे स्टुलावर, जर्मन माणूस आजही निवांत टेकतो. इंग्लंडात मात्र या बाकड्यावर खाटकानं मांस मांडलं. मग मांस विकायचं बाकडं ते शॅम्बल, आणि अशी बाकडी जिथे ओळीनं लागतात तो बाजार म्हणजे शॅम्बल्स.

यॉर्क शहरात या नावाची गल्ली अजून आहे. इतकी अरुंद, की दोन्ही बाजूंची जुनी लाकडी घरं माथ्याशी एकमेकांकडे झुकलेली. त्यात सोय होती बरं का! ऊन आत येत नसे, मांस लवकर नासत नसे. 1872 साली तिथे मांसाची 25 दुकानं होती. आज एकही नाही. पण दारांवरचे मांस टांगायचे लोखंडी आकडे आणि खिडक्यांखालच्या रुंद फळ्या जागच्या जागी आहेत. खाटीक याच फळ्यांवर माल मांडत. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ तिथे चक्क हात लावून बघता येतो.

बाजारावरून शब्द कत्तलखान्यावर गेला आणि तिथून रक्तपातावर. शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’च्या तिसऱ्या भागात राजा म्हणतो, संसदेचा शॅम्बल्स करण्याचा विचारही माझ्या मनाला न शिवो. तिथे त्याला पसारा अभिप्रेत नाही, मुडदे अभिप्रेत आहेत. विसाव्या शतकात रक्त धुऊन गेलं आणि उरला नुसता गोंधळ. त्यावरून ‘शॅम्बॉलिक’ असं विशेषणही निघालं. मला ते मूळ शब्दापेक्षा जास्त आवडतं, उच्चारतानाच काहीतरी गडगडत खाली आल्यासारखं वाटतं.

आणि हो, पाय फरफटत चालण्यालाही इंग्रजीत ‘शॅम्बल’च म्हणतात. कोशकारांचा अंदाज असा, की मांसाच्या त्या बाकड्याचे फाकलेले पाय बघून कुणीतरी एखाद्या फेंगड्या माणसाला चिडवलं असावं.

नमस्कार.