ओंबी, तुळई आणि चार हत्ती

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, ‘स्ट्रॅटेजी गेमच्या मॉडसाठी आफ्रिकी संस्कृती कशा रचाव्यात’ हा आजचा जाहीर केलेला विषय पाऊण तासात बसवायचा आहे; मॉड म्हणजे तयार गेममध्ये खेळणाऱ्यांनीच घातलेली भर. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी रात्री जागवून खेड्याचे शहर केलेले आहे, तेव्हा युनिट म्हणजे गेममधला एकेक सैनिक किंवा कामकरी आणि टेक ट्री म्हणजे शोधांची चढती शिडी, याहून जास्त समजावण्यात मी वेळ दवडत नाही. माझे म्हणणे असे आहे की संस्कृती रचताना आपण सैनिकाच्या पोशाखापासून सुरुवात करतो, आणि ती शेतापासून करायला हवी. युरोपीय संस्कृतींच्या बाबतीत ही चूक खपून जाते, कारण गेमचा सांगाडाच तिकडच्या गव्हावर, घोड्यावर आणि आधी ब्राँझ मग लोखंड या क्रमावर उभा असतो. आफ्रिकेत पाऊल ठेवले की ती लगेच उघडी पडते.

हे शहाणपण मला फजितीतून आले, आणि ती फजिती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ‘झिरो ए.डी.’ हा मुक्तस्रोत गेम इ.स.पू. ५०० ते इ.स. ५०० या हजार वर्षांचा आहे. त्यात आजच्या सुदानातली कुश ही संस्कृती २०१८ मध्ये आली, तेव्हा आम्ही चौघांनी तिच्या शेजारच्या अक्सूमचे मॉड करायला घेतले. आजच्या उत्तर इथिओपियात आणि इरिट्रियात पसरलेले हे राज्य तिसऱ्या शतकात इतके मातब्बर होते, की मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या परंपरेत जगातल्या चार मोठ्या राज्यांमध्ये रोम आणि इराण यांच्या जोडीने अक्सूमचे नाव घेतलेले आढळते. आमच्यात चित्रांची बाजू सांभाळणारा मुलगा वास्तुकलेचा विद्यार्थी होता. त्याने आठ दिवस खपून एक घर केले: मऊ, गोलाईदार मातीच्या भिंती, वर निमुळते कळस आणि भिंतीतून बाहेर आलेले लाकडी दांडे. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि त्या घराच्या साच्यावर बाजार, कोठार, बराकी असा सगळा संसार थाटला.

महिनाभराने मी त्याने वापरलेले संदर्भ-छायाचित्र सहज उघडले, तर ते निघाले मालीतल्या जेन्ने येथील मशिदीचे, आणि ती मशीद आज दिसते त्या रूपात १९०७ साली बांधलेली आहे! म्हणजे काळात आम्ही दीड हजार वर्षे चुकलो होतो आणि नकाशावर साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक. त्या रात्री मी वैतागून अंतरे मोजली, तेव्हा लक्षात आले की अक्सूमला जेन्नेपेक्षा आपली मुंबई जवळ आहे. अक्सूमच्या घरांना जेन्नेची भिंत लावण्यापेक्षा गिरगावातली चाळ लावली असती, तर निदान अंतराच्या हिशेबात आम्ही कमी चुकलो असतो. (हसू नका, ती चित्रे अजून माझ्याकडे आहेत.)

गंमत अशी की भिंतीतून बाहेर आलेली लाकडे दोन्हीकडे आहेत, आणि म्हणूनच आमचा डोळा फसला. जेन्नेत त्या ताडाच्या दांड्यांच्या जुड्या असतात. दरवर्षी सगळा गाव लोटून मशिदीला मातीचा गिलावा करतो, तेव्हा त्याच जुड्यांवर पाय देऊन माणसे वर चढतात, म्हणजे ती कायमची बसवलेली परांचीच. अक्सूममध्ये मात्र दगडी भिंतीच्या थरांमध्ये आडव्या तुळया घालत आणि त्यांना बांधून ठेवणारे आखूड ओंडके भिंतीतून आरपार काढत. त्यांच्या बाहेर डोकावणाऱ्या गोल टोकांना आज ‘माकडाची डोकी’ असे म्हटले जाते. हे बांधकाम तिथल्या लोकांना इतके आपले वाटत होते, की त्यांनी एकसंध दगडाचे जे प्रचंड स्तंभ कोरले, त्यांवरही मजले, खिडक्या, तुळयांची टोके आणि पायथ्याशी कधीच न उघडणारा दरवाजा कोरून ठेवला. यांपैकी सुमारे २४ मीटर उंचीचा एक स्तंभ १९३७ मध्ये रोमला नेला गेला, २००५ मध्ये परत आला आणि २००८ मध्ये पुन्हा उभा राहिला. आमच्या कलावंताने जेन्नेचे सगळे काम पुसून हा स्तंभ केला आणि मग त्यावरून घर केले. एरवी घरे आधी होतात आणि स्तंभ शेवटी.

आता शेताकडे येतो. अक्सूमच्या राजांनी तिसऱ्या शतकात सोन्याची स्वतःची नाणी पाडायला सुरुवात केली, आणि त्यांवर राजाच्या मुखाच्या दोन्ही बाजूंना दोन ओंब्या आहेत. राजा स्वतः धान्य मिरवतो आहे, आणि आपण मात्र त्याच्या हातातल्या भाल्याची लांबी मोजत बसतो. शिवाय तुम्ही-आम्ही तर या बाबतीत आफ्रिकेचे जुने ऋणको आहोत: ज्वारी पहिल्यांदा माणसाळली ती पूर्व सुदानात, बाजरी सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यात आणि नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागात. आपली भाकरी, या तिन्हींपैकी कुठल्याही पिठाची थापा, मूळची तिकडची आहे. तरीही आफ्रिकी संस्कृतीच्या शेतावर सरसकट पिवळ्याधमक गव्हाचे टेक्श्चर चिकटवलेले दिसले, की मला ताटावरून उठावेसे वाटते. (मलिक अंबर केव्हा येणार, असे पहिल्या रांगेत कुजबुजणे चालले आहे. तो हबशी खरा, पण त्याचा काळ अक्सूमनंतर हजार वर्षांचा. त्याला स्वतंत्र संध्याकाळ द्यावी लागेल.)

सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली आहे आणि तीवर ‘सात मिनिटे’ असे लिहिले आहे, त्यामुळे मूळ विषय आता घाईने मांडतो.

पहिली गोष्ट व्यापाराची. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तांबड्या समुद्रावरच्या अदुलिस बंदरापासून कोलोए हे आतले गाव तीन दिवसांवर आणि तिथून अक्सूम आणखी पाच दिवसांवर असल्याची नोंद आहे. वरून हस्तिदंत उतरायचे आणि खालून आरिआके प्रदेशातले भारतीय लोखंड, पोलाद व सुती कापड चढायचे. त्याच ग्रंथात आपली सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे आहेत. या गेममध्ये दोन बाजारांतले अंतर वाढले की व्यापाऱ्याचा नफा वाढतो, तेव्हा अक्सूमचे बंदर आणि राजधानी मुद्दाम लांब ठेवा. त्या संस्कृतीचे बळ आणि तिची दुखरी नस दोन्ही त्या आठ दिवसांच्या वाटेवर आहेत.

दुसरी गोष्ट सोन्याची. सहाव्या शतकातला कॉस्मास हा प्रवासी व्यापारी सांगतो, की राजाची माणसे सासू नावाच्या प्रदेशात जाऊन काटेरी कुंपण घालत, बैल कापून मांस, मीठ आणि लोखंड त्यावर मांडत आणि दूर होत. तिथले लोक येऊन आवडलेल्या वाट्यावर सोन्याचे खडे ठेवून मागे सरत. मालकाला पटले तर तो सोने उचले; नाही पटले तर तसेच राहू देई, आणि समोरचा एखादा खडा वाढवी किंवा आपले सोने परत घेई. भाषा एकमेकांची येत नसताना चाललेला हा सौदा ‘खाणीवर कामकरी पाठवा’ या बटणात कसा बसणार? त्यासाठी मीठ हा वेगळा रिसोर्सच हवा.

तिसरी गोष्ट त्से-त्से माशीची. ही माशी जिथे आहे तिथे तिच्या चाव्यातून होणाऱ्या रोगामुळे घोडा आणि बैल सहसा टिकत नाहीत. अक्सूम दोन हजार मीटरांहून उंच असल्याने तिथे बैलांचा नांगर चालतो. बेनिन राज्याच्या (आजच्या नायजेरियातल्या) जंगलात घोडदळ देऊ नका. घोड्याचे बंधन युनिटला न घालता नकाशाला घाला. आणि सहाराच्या दक्षिणेस बहुतेक ठिकाणी ब्राँझयुग न येता थेट लोखंड आले, तेव्हा टेक ट्रीतली ती पायरी काढून टाका. कुलूप लावून ठेवू नका.

मागच्या रांगेतून ‘हत्ती किती?’ हा नेहमीचा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे, म्हणून घंटा वाजण्याआधीच उत्तर देतो. सहाव्या शतकात आलेल्या बायझंटाइन दूताने अक्सूमचा राजा हत्तींच्या रथावर उभा असलेला पाहिल्याचे वर्णन आहे, त्यामुळे आमच्या मॉडमध्ये हत्ती चार आहेत, आणि चारही रथाला जुंपलेले आहेत.