घरी पोहोचल्यानंतरचा प्रवास

श्रोतेहो, नमस्कार.

वीराने घर सोडायचे, अनोळखी मुलखात संकटांशी झुंजायचे आणि काहीतरी कमावून घरी परतायचे, हा एकच आराखडा जगभरच्या वीरकथांच्या मुळाशी आहे, असे अमेरिकी अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली मांडले. प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन हे त्यांचे तीन मुख्य टप्पे; पोटभेद धरले तर सतरा. हा आराखडा हातात घेऊन होमरच्या नावावर असलेल्या ‘ओडिसी’कडे वळले, की सुरुवातीलाच अडखळायला होते. २४ सर्गांच्या या महाकाव्यात पहिले चार सर्ग नायक ओडिसियस, म्हणजे इथाका बेटाचा राजा, आपल्यासमोर येतच नाही. तिथे दिसतो तो त्याचा मुलगा टेलेमॅकस, वडिलांचा ठावठिकाणा विचारत फिरणारा, आणि इथाकाच्या वाड्यात ठाण मांडून बसलेले, त्याची पत्नी पेनेलोपी हिच्याशी लग्न करू पाहणारे उपवर.

पाचव्या सर्गात ओडिसियस पहिल्यांदा दिसतो, तो समुद्रकिनारी बसून रडताना. दहा वर्षे ट्रॉयच्या युद्धात गेली आहेत आणि पुढच्या भटकंतीतली सात वर्षे तो कॅलिप्सो या देवीच्या बेटावर अडकून पडला आहे. ती त्याला अमरत्व देऊ करते. पेनेलोपी रूपाने तुझी बरोबरी करू शकत नाही, हे तो मोकळेपणाने कबूल करतो, आणि तरीही मला घरीच जायचे आहे, असे सांगतो. या परतीला ग्रीक भाषेत ‘नॉस्टोस’ म्हणतात. आपण सर्रास वापरतो तो ‘नॉस्टॅल्जिया’ शब्द याच शब्दाला ‘वेदना’ या अर्थाचा दुसरा ग्रीक शब्द जोडून सतराव्या शतकात एका स्विस वैद्याने घडवला, पण तो जन्मला आजाराचे नाव म्हणून.

आपल्याला ठाऊक असलेली साहसे, म्हणजे एकाक्ष राक्षस, जादूगारीण सर्सी, गाणाऱ्या सायरेन, ही सारी नवव्या ते बाराव्या अशा चारच सर्गांत आटोपतात, आणि तीही ओडिसियस स्वतःच्या तोंडून, यजमानांच्या मेजवानीत बसून सांगतो. त्यांतला मृतांच्या भेटीचा अकरावा सर्ग मात्र घाईने ओलांडण्याजोगा नाही. तिथे तो आईच्या छायेला तीनदा मिठी मारू पाहतो आणि तिन्ही वेळा त्याचे हात रिकामेच राहतात. मृतांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरीब शेतकऱ्याच्या घरी मजुरी करत जगणे मी पत्करीन, असे तिथे ट्रॉयच्या युद्धातला महावीर अकिलीस त्याला सांगतो, आणि कीर्तीसाठी अल्पायुष्य पत्करणाऱ्या अकिलीसच्या तोंडी ते वाक्य यावे, हे त्या युद्धावरचे महाकाव्य ‘इलियड’ ऐकलेल्या श्रोत्याला चांगलेच बोचले असेल.

तेराव्या सर्गात ओडिसियस इथाकाला पोहोचतो, तोही झोपेत. खलाशी त्याला वाळूवर ठेवून निघून जातात. जाग आल्यावर, अथीना देवीने पसरलेल्या धुक्यामुळे, त्याला स्वतःचा देशच ओळखू येत नाही. म्हणजे जवळपास अर्धे काव्य परत आल्यानंतर घडते. माझ्या मते ग्रीक महाकाव्याचे मर्म इथेच आहे: पुनरागमन हा त्याच्यासाठी शेवटचा टप्पा नसून स्वतंत्र प्रवास आहे, आणि त्या प्रवासातले मुक्काम म्हणजे ओळख पटण्याचे प्रसंग. भिकाऱ्याच्या वेशातला धनी आर्गोस नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला कळतो. दाराबाहेर शेणाच्या ढिगावर पडलेला तो कुत्रा शेपटी हलवतो, कान पाडतो, पण जवळ येण्याची ताकद त्याच्यात उरलेली नाही; ओडिसियस कोणाला दिसणार नाही असा डोळा पुसतो, आणि आर्गोस प्राण सोडतो. पुढे म्हातारी दाई यूरिक्लीया पाहुण्याचे पाय धुताना मांडीवरच्या जुन्या व्रणावर हात फिरवते आणि ओळखते. तिच्या हातून पाय सुटतो, काशाचे पात्र वाजून कलंडते, पाणी सांडते. मात्र तिला व्रण ओळखू आल्यानंतर आणि पाय सुटण्याआधी कवी आपल्याला ताटकळत ठेवून, रानडुकराने तो व्रण कसा केला, याची सत्तराहून अधिक ओळींची हकिकत सांगतो.

उपवरांचा संहार झाल्यावरही पेनेलोपीची खात्री पटत नाही. आपला पलंग खोलीबाहेर आणून मांड, असे ती सहज बोलल्यासारखे दाईला सांगते, आणि इतकी वर्षे सगळ्यांना चकवत आलेला ओडिसियस भडकतो. तो पलंग हलणार कसा? जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या झाडाचा बुंधा तासून त्याने स्वतःच्या हाताने त्याचा खूर केला होता. ही गोष्ट त्या दोघांना आणि एका दासीलाच ठाऊक. परीक्षेत तो उतरतो, पण चकवा खाऊन.

इथे दुसऱ्या एखाद्या कवीने पडदा पाडला असता. ओडिसियस मात्र त्याच रात्री पत्नीला सांगतो, की अजून एक कष्ट बाकी आहे. द्रष्ट्या टायरेसियसच्या सांगण्यानुसार त्याला खांद्यावर वल्हे घेऊन, समुद्र माहीत नसलेल्या आणि अन्नात मीठ न घालणाऱ्या माणसांपर्यंत चालत जायचे आहे. वाटेत कोणी त्या वल्ह्याला धान्य उपणायचे फावडे समजेल, तिथे ते जमिनीत रोवून समुद्रदेव पोसायडनला बळी द्यायचा आणि मग परतायचे. हे सांगायला तो कांकू करतो. पेनेलोपी म्हणते, पुढे कधीतरी मला कळणारच आहे, तर आत्ताच सांग.