जंबेरीच्या नवतीवर

पावसाळ्यातली नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटली की अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजना घाटच्या संत्रा रोपवाटिकांत हे पाखरू घिरट्या घालू लागतं. काळे पंख, त्यावर पिवळसर ठिपके, मागच्या पंखांच्या आतल्या कडेला विटकरी डाग, शेपटी नाही. हे लिंबाचं फुलपाखरू, पॅपिलिओ डेमोलियस. संत्रा, लिंबू, बेल, बांधावरची बावची, सगळं याला चालतं.

मादीकडे बघा. पुढच्या पायांनी पानाची चव घेते, पोटाचं टोक वाकवते, एकच अंडं चिकटवते आणि पुढच्या शेंड्यावर जाते. अंडं मोहरीएवढं, फिकट पिवळं. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि आधी अंड्याचं कवच खाते.

इथं भलेभले फसतात. तपकिरी अंगावर पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. पानावर पक्ष्याची विष्ठा पडली असंच वाटतं. चौथी कात टाकल्यावर मात्र अळी हिरवीगार होते. काडीनं डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सुटतो. सगळ्यात जास्त पानं ती याच अवस्थेत फस्त करते. जंबेरी म्हणजे संत्र्याच्या कलमाला खुंट म्हणून लावतात ते लिंबाच्या जातीचं रोप. वीतभर जंबेरीवर अशा दोन-चार असल्या, तर पानांच्या नुसत्या शिरा उरतात आणि संत्र्याचा डोळा भरून कलम करायला लागणारी पेन्सिलीएवढी जाडी खुंटाला वेळेत येत नाही.

म्हणून अळी विष्ठेसारखी दिसते तेव्हाच वेचायची. सकाळी शेंड्याची पानं उलटसुलट करून बघा, सापडेल ती साबणाच्या पाण्यात टाका. रोपं फार असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क, किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची भुकटी लिटरला १ ग्रॅम. ही भुकटी पोटात गेली तरच काम करते आणि उन्हात टिकत नाही. तेव्हा फवारणी संध्याकाळी, पानं दोन्ही बाजूंनी भिजवून. मोठ्या हिरव्या अळीवर तिचा फारसा उपयोग नाही, ती हातानंच काढा.

दहा वर्षांच्या संत्र्यावर मात्र पंप उचलूच नका. तेवढी पानं गेलेली झाडाला कळतही नाहीत. उलट कडक औषधानं ट्रायकोग्रामासारखे मित्रकीटक मरतात.

पोट भरलेली अळी काडीवर रेशमाची गादी विणते, कमरेभोवती एक धागा घेते आणि कोष होतो. हिरव्या पानांत हिरवा, वाळल्या काडीवर तपकिरी. कोषाला बारीक गोल छिद्र दिसलं, तर त्यातून फुलपाखरू नव्हे, परजीवी माशी निघून गेलेली असते.

बिनछिद्राच्या कोषातून आठ-दहा दिवसांनी आतले काळे पंख दिसू लागतात. सकाळी तो उकलतो. पाखरू काडीला लटकून चुरगळलेले पंख पसरवतं. तेव्हा बोट लावू नका, पंख कायमचा वाकडा राहतो. पुढे नर असेल, तर तो ठिबकच्या नळीखालच्या ओल्या मातीवर क्षार शोषताना दिसेल.