हेगच्या न्यायालयातल्या दोन भाषा

(दृश्य: हेग. पीस पॅलेस बाहेरून, मग सुनावणीचे दालन.)

संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा. त्यांच्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या मात्र दोन. न्यायालयाच्या मूळ कायद्यात, म्हणजे संविधीत, कलम ३९ सांगते: फ्रेंच आणि इंग्रजी. नावे याच क्रमाने.

(दृश्य: जुने नकाशे, करारांची पाने.)

१७१४ मध्ये जर्मनीतल्या रास्टाटला फ्रान्स आणि पवित्र रोमन सम्राट यांचा तह झाला, तो फ्रेंचमध्ये. त्याच वर्षी बाडेनला झालेला पुढचा तह जुन्या रीतीप्रमाणे लॅटिनमध्ये लिहिला गेला, पण पायंडा पडायचा तो पडला. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत फ्रान्स हरलेला देश होता. तरीही अंतिम करारनामा फ्रेंचमध्येच झाला. त्याच्या कलम १२० मध्ये सगळ्यांनी जपून लिहून ठेवले की आज फ्रेंच वापरली म्हणून पुढे तीच वापरण्याचे बंधन नाही. हे लिहून ठेवावेसे वाटले, यावरूनच त्या काळी फ्रेंचचा दबदबा किती होता ते कळते.

तो १९१९ मध्ये ओसरू लागला. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसला भरलेल्या शांतता परिषदेत अमेरिकेचे विल्सन आणि ब्रिटनचे लॉइड जॉर्ज फ्रेंचमध्ये वाटाघाटी करू शकत नव्हते. फ्रान्सचे क्लेमान्सो तरुणपणी अमेरिकेत राहिले होते, त्यांचे इंग्रजी उत्तम होते. व्हर्सायच्या तहाचे फ्रेंच आणि इंग्रजी हे दोन्ही मजकूर सारखेच प्रमाण ठरले. १९२० मध्ये हेगला १० कायदेपंडितांच्या समितीने नव्या जागतिक न्यायालयाचा, म्हणजे आजच्या न्यायालयाच्या पूर्वजाचा, मसुदा केला आणि त्यात लिहिले, न्यायालयाची अधिकृत भाषा फ्रेंच. एकटी फ्रेंच. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या कौन्सिलने हे बदलून शेजारी इंग्रजी आणून बसवली.

(दृश्य: दुभाष्यांच्या काचेच्या खोल्या. फायलींचे गठ्ठे.)

तडजोडीने भांडण मिटले, काम दुप्पट झाले. पक्षकार देशांचे भाषेवर एकमत झाले नाही, तर ज्याने त्याने दोहोंपैकी आपली भाषा निवडायची. तिसरी भाषा हवी असेल तर परवानगी मिळते, पण भाषांतराची सोय ज्याची त्याने करायची. सुनावणीनंतर न्यायाधीश आपापले लेखी टिपण तयार करतात. ते दुसऱ्या भाषेत उतरवून सगळ्यांकडे जाते. मग तिघांची समिती निकालाचा मसुदा लिहिते, त्यावर लेखी दुरुस्त्या येतात, आणि मसुद्याची दोन वाचने होतात. हे सारे दोन्ही भाषांत. एका भाषेतले क्रियापद दुसरीत किंचित सैल झाले, तरी एकाच निकालाचे दोन अर्थ होऊ शकतात.

नेमके हेच संविधीच्या कलम ४१ मध्ये झाले होते. निकाल लागेपर्यंत पक्षकारांचे हक्क टिकावेत म्हणून अंतरिम उपाय सांगण्याचा अधिकार न्यायालयाला या कलमाने मिळतो. फ्रेंच मजकुराचा सूर असा, की हे उपाय ‘घेतलेच पाहिजेत’. इंग्रजीतला ‘ऑट टू’ एवढेच म्हणतो, की ते ‘घेतले जावेत’. १९२० मध्ये, त्या पूर्वज न्यायालयाची संविधी ठरताना, इंग्रजी मसुद्यातला ‘सजेस्ट’ हा शब्द मवाळ वाटला म्हणून ‘इंडिकेट’ करण्यात आला. ‘घेतलेच पाहिजेत’ आणि ‘घेतले जावेत’ ही दोन क्रियापदे मात्र तशीच राहिली, आणि अंतरिम आदेश पाळणे सक्तीचे आहे का, हा वाद जवळजवळ ८० वर्षे लोंबकळत राहिला.

(दृश्य: अ‍ॅरिझोना, तुरुंगाची भिंत.)

३ मार्च १९९९. वॉल्टर लाग्रँड या जर्मन नागरिकाला अ‍ॅरिझोनात मृत्युदंड द्यायचा होता. अटकेनंतर त्याला जर्मन वकिलातीशी संपर्काचा हक्क सांगितलाच गेला नव्हता, म्हणून जर्मनी आदल्या दिवशी हेगला गेली. न्यायालयाने शिक्षा थांबवण्याचा आदेश दिला. अमेरिकी सरकारने तो गव्हर्नरकडे नुसता पाठवून दिला आणि असा आदेश बंधनकारक नसतो, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाला कळवले. त्याच दिवशी शिक्षा अमलात आली.

जर्मनीने खटला सोडला नाही. अमेरिकेची भिस्त इंग्रजी शब्दांवर होती. २७ जून २००१ च्या निकालात न्यायालय एकेक पायरी चढत गेले. दोन्ही मजकूर सारखेच प्रमाण, म्हणून एकाला झुकते माप देता येत नाही. मग तह-करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३३ पाहायचे: मजकुरांत फरक असेल, तर कराराचा हेतू लक्षात घेऊन दोन्हींचा मेळ घालणारा अर्थ घ्यावा. कलम ४१ चा हेतू काय? निकाल येण्याआधीच हक्क नष्ट होऊ नयेत. आदेश ऐच्छिक मानला तर हा हेतूच बुडतो. म्हणून आदेश बंधनकारक. फ्रेंच मजकूर शेजारी नसता, तर ही फट इतकी स्पष्ट दिसलीच नसती. जगाच्या कायद्याला दोन भाषा असण्याचा याहून मोठा लाभ आम्हाला तरी दुसरा दाखवता येणार नाही.

वॉल्टर लाग्रँडला त्याचा उपयोग झाला नाही. १८ मे २०१७ रोजी कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात झाला. खटला निकाली निघेपर्यंत त्यांना फाशी दिली जाऊ नये यासाठी शक्य ते सर्व करावे, असे न्यायालयाने एकमताने पाकिस्तानला बजावले आणि अंतरिम आदेश बंधनकारक असतात याची आठवणही त्यातच करून दिली. दोन्ही देशांचा युक्तिवाद इंग्रजीत झाला होता.

(दृश्य: निकालपत्राचे शेवटचे पान.)

या न्यायालयाचा निकाल वाचायला घ्याल, तेव्हा आधी शेवटाकडे जा. दोन्हींतला कोणता मजकूर प्रमाण, ते तिथे लिहिलेले असते. ही सोय निकालापुरती. संविधीच्या कलमांना ती नाही. तिथे फ्रेंच, इंग्रजी आणि त्यांच्यासोबत चिनी, रशियन, स्पॅनिश मजकूरही बरोबरीचे आहेत. त्यांत फरक निघाला की कलम ३३ च्या त्याच पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात.