किल्ल्यांची वही

(पुण्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत छोटे व्यावसायिक, शिक्षक आणि संस्थाचालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. बाहेर फलकावर विषय लिहिलाय, ‘वेबसाइटची प्लगिनं आणि त्यांतले धोके’. प्लगिन म्हणजे वेबसाइटला एखादी जादा सोय जोडणारा तयार कोड. त्यावर मी बोलणारच आहे, पण मला खरं सांगायचंय ते या वहीबद्दल. साधी शंभर पानी वही आहे, पासोड्या विठोबाजवळ घेतलेली. ही वही प्रत्येक वेबसाइटजवळ असावी, असं गेली काही वर्षं मी भेटेल त्याला सांगते आहे.

आधी एक विचारते. स्वतःची किंवा संस्थेची वेबसाइट आहे, त्यांनी हात वर करा. छान, अर्ध्याहून जास्त आहेत. आता आपल्या साइटवर किती प्लगिनं आहेत, हे ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच हात वर ठेवा. तीन. बरं, त्यांतलं प्रत्येक कुणी बसवलं आणि कशासाठी, हे ज्यांना सांगता येईल... काकांचा हात अजून वर आहे! काका, तुमच्या साइटवर किती आहेत? एकही नाही? मग तुम्ही निर्धास्त बसा, आणि शेजाऱ्यांना समजावून सांगा.

जगातल्या दर दहा वेबसाइटांपैकी चारांहून जास्त आज वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या एका फुकट सॉफ्टवेअरवर चालतात. २००३ साली हे सुरू झालं ते ब्लॉग लिहिण्यासाठी. आता त्यावर दुकानं आहेत, शाळा आहेत, गणेश मंडळं आहेत, वधूवर सूचक मंडळं आहेत. मूळ वर्डप्रेस आटोपशीर आहे आणि ते सांभाळणारी माणसं दक्ष आहेत. बाकी हवं ते आपण प्लगिननं जोडतो. त्यांच्या अधिकृत भांडारात सुमारे ६० हजार फुकट प्लगिनं आहेत. काही मोठ्या कंपन्यांची, काही एकट्यानं रात्री जागून लिहिलेली. फॉर्म हवा, टाका प्लगिन. फोटो सरकते हवेत, टाका प्लगिन.

पेठेत वाढलेल्यांना वाडा सांगायला नको. एका वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडं आणि प्रत्येकाचं कुलूप वेगळं. तळमजल्यावरच्यांची किल्ली हरवली म्हणून माडीवरच्यांची झोप उडत नसे. वर्डप्रेसमध्ये मात्र येणारं प्रत्येक प्लगिन थेट माजघरात राहायला येतं. आज किती जण येऊन गेले ते मोजणारं चिमुकलं प्लगिन असो की पैसे घेणारं अख्खं दुकान, दोघांचा कोड एकाच अधिकारानं चालतो. साइटची सगळी माहिती साठवणारा तोच डेटाबेस दोघांनाही उघडा असतो. त्या डेटाबेसचा पासवर्ड ज्या कॉन्फिग फाइलीत साध्या अक्षरांत लिहिलेला असतो, ती फाइलही दोघांना वाचता येते. मोबाइलवर अ‍ॅप निदान विचारतं, कॅमेरा वापरू का, फोन नंबर बघू का. इथं तसं कुणी विचारत नाही. ‘अ‍ॅक्टिव्हेट’ दाबलं की घर त्याचं.

आता वहीची गोष्ट. थोडी लांबेल, पण सगळं तिच्यातच आहे.

२०२० सालची दिवाळी. लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होतं. कोथरूडला एक काकू आहेत, दहा-बारा बायकांना घेऊन फराळ करतात. त्या वर्षी गिऱ्हाईक दुकानात येईना, सगळी भिस्त वेबसाइटवर. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचा फोन आला. “अगं, सोलापूरहून एका बाई म्हणाल्या, गूगलवर आपलं नाव टाकलं की चकलीऐवजी जपानी का चिनी अक्षरं येतात. मी इथं बघतेय तर सगळं नीट आहे. त्यांच्याच फोनला काही झालं असेल का?”

त्यांच्या फोनला काही झालं नव्हतं, काकूंच्या साइटवर हल्ला झाला होता. या हल्ल्याची रीतच अशी आहे. साइटा वाचत फिरणारा गूगलचा यंत्रमानव आला की त्याला जपानी भाषेतली नकली मालाची हजारो पानं दाखवायची, गूगलवरून येणाऱ्याला तिकडेच पळवायचं, आणि मालक थेट पत्ता टाकून आला की त्याला नेहमीची चकली दाखवायची. म्हणजे ज्याचं घर, त्यालाच चोर दिसत नाही. काकूंनी दोन आठवडे रोज साइट उघडून पाहिली होती आणि रोज त्यांना सगळं ठीक दिसलं होतं.

मी रात्री बसले. वर्डप्रेसमध्ये अपलोड्स नावाचं फोल्डर असतं, तिथं फोटो जातात. त्यात रुखवताच्या फोटोंचं एक वेगळं फोल्डर सापडलं. सुपारीचे भटजी, साखरेचं तुळशीवृंदावन, असे फोटो. प्रत्येक फाइल दोन-तीन एमबीची आणि २०१७ सालची. त्यांच्या मधोमध एक फाइल चार केबीची, २०२० च्या त्याच ऑक्टोबरातली, आणि नावाच्या शेवटी फोटोचं जेपीजी नाही, कोडचं पीएचपी. फोटोंच्या फोल्डरात चालणारा कोड! उघडली तर आत एकच लांबच लांब ओळ, अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची. मंडळी, त्या ओळीकडे बघताना पोटात खड्डा पडला. कुणीतरी महिनाभर त्या घरात येऊन-जाऊन होतं.

मी ती पुसली, पासवर्ड बदलले, काकूंना सांगितलं, झालं. चौथ्या दिवशी जपानी पानं परत! कारण शिरलेला माणूस पहिल्यांदा परसदार करून ठेवतो. यानं दोन केली होती. एक कोडची फाइल दुसऱ्याच प्लगिनच्या आत दडवलेली, आणि दुसरं म्हणजे ‘सपोर्ट’ नावाचं, सगळे अधिकार असलेलं एक नवं अ‍ॅडमिन खातं. ते मला पहिल्याच रात्री दिसलं होतं. होस्टिंगवाल्यांचं, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट राहते त्यांचं, असेल असं वाटून मी ते राहू दिलं, ही माझी चूक. मग जुनी प्रत परत बसवावी म्हटलं, तर होस्टिंगकडे सातच दिवसांच्या प्रती, आणि सातही बाधित. त्यात त्यांनी ऐन फराळाच्या आठवड्यात खातं गोठवलं. त्यांचं नाव घेत नाही, पण तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

फराळ तरला तो काकूंच्या कागदी वहीमुळे. प्रत्येक ऑर्डर त्या शाईनं उतरवून ठेवत होत्या. किती किलो चिवडा, कुठली सोसायटी, पैसे आले की नाही.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की दार रुखवताच्या प्लगिनचं होतं. गिऱ्हाइकानं हव्या त्या रुखवताचा फोटो पाठवावा म्हणून काकूंच्या भाच्याच्या एका मित्रानं २०१७ च्या लग्नसराईत ते बसवलं होतं. फोटो घेणारी त्यातली फाइल आलेली वस्तू खरंच फोटो आहे का, आणि पाठवणारा कोण, हे तपासतच नव्हती. लग्नसराई संपली आणि त्यानं ते ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ केलं. काकू म्हणाल्या, “पण ते तर बंद होतं ना गं?” बंद केलं तरी फाइली सर्व्हरवर तशाच राहतात आणि त्यातल्या काहींना थेट पत्त्यानं हाक मारता येते. दिवाणखान्यातला दिवा मालवला म्हणून दाराला कुलूप लागत नाही. शिवाय ते लिहिणाऱ्यानं केव्हाच सोडून दिलं होतं. नवं अपडेट येणारच नव्हतं, म्हणून डॅशबोर्डवर एकही तांबडी खूण नव्हती.

मग काकूंनी मला त्यांची दुसरी वही दाखवली. भट्टीच्या गाळ्याच्या किल्ल्यांची. तारीख, किल्ली कुणाला दिली, कशासाठी, परत कधी आली, सही. म्हणाल्या, “गाळ्यात तुपाचे डबे असतात म्हणून मी लिहून ठेवते. तुमच्या त्या माजघराची वही कुठंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून ही वही.

हं, चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत आणि फलकावरचा विषय अजून पुरता सुरू व्हायचाय. आता भरभर सांगते.

मोठ्यांचंही हेच होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये लाइटस्पीड कॅश या, साइट वेगानं उघडावी म्हणून ५० लाखांहून अधिक साइटांवर असलेल्या प्लगिनमध्ये खोट निघाली. आतल्या कामासाठी ते जी गुप्त खूण बनवायचं तिच्या शक्यता फक्त १० लाख. सेकंदाला तीन या गतीनं एकेक करून पाहिल्या तर चार दिवसांच्या आत सगळ्या संपतात, आणि खूण जुळली की परका माणूस अ‍ॅडमिन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिअली सिंपल सिक्युरिटी, म्हणजे चक्क सुरक्षेचं प्लगिन, ४० लाख साइटांवर. दुहेरी पडताळणीसाठी लिहिलेल्या भागातूनच कुणालाही आत येता येत होतं. दोन्हींची दुरुस्ती लगेच आली. ज्यांनी अपडेट घेतलं ते वाचले. म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून प्रत्येक प्लगिनसमोर आपोआप अपडेटची सोय आहे, ती चालू करा. खोट जाहीर झाली की ती शोधत फिरणारी यंत्रं काही तासांत तुमच्या दारात येतात.

अपडेटमधूनही विष येऊ शकतं, हे मी लपवणार नाही. डिस्प्ले विजेट्स नावाचं प्लगिन २ लाख साइटांवर होतं. २०१७ साली मूळ लेखकानं ते विकलं आणि नव्या मालकानं अपडेटमध्येच परसदार घातलं. जून २०२४ मध्ये काही प्लगिन लेखकांचे इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून त्यांच्या प्लगिनांत घाण मिसळली गेली. तरीही मी आपोआप अपडेटच्याच बाजूनं आहे. असे प्रकार विरळा, आणि जुन्या खोटींवरचे हल्ले रोजचे. मात्र दुकान असेल तर आधी साइटच्या नकलेवर अपडेट करून पैसे भरण्यापर्यंत तपासा, आणि त्यात दिवस घालवू नका.

कोड लिहिणारी मुलं मागं बसलीत, त्यांच्यासाठी एकच. ‘इज अ‍ॅडमिन’ हे फंक्शन समोरचा अ‍ॅडमिन आहे का ते सांगत नाही. मागणी अ‍ॅडमिनच्या भागातली आहे का, एवढंच सांगतं. वॉचमननं ‘कुठल्या फ्लॅटचे’ विचारण्याऐवजी ‘जिन्यात उभे आहात ना?’ विचारावं, तसं. त्या व्यक्तीला अधिकार आहे का, ते ‘करंट यूजर कॅन’नं तपासा. या एका गैरसमजानं किती साइटा गेल्या आहेत!

फुकटात मिळणारी ‘नल्ड’ प्लगिनं, म्हणजे पैशांची प्लगिनं फोडून वाटलेली, कुणीही दिली तरी घेऊ नका. त्यांत परसदार घालूनच ती वाटली जातात, आणि अपडेट तर येतच नाही. अपलोड्समध्ये पीएचपी चालणार नाही अशी सोय होस्टिंगवाल्यांकडून करून घ्या. ही एवढी असती तरी काकूंच्या साइटवर ती चार केबीची फाइल नुसती पडून राहिली असती. लेख टाकणाऱ्याला मजकुरापुरते अधिकार असलेलं एडिटरचंच खातं द्या. साइटची प्रत त्याच सर्व्हरवर ठेवू नका, निदान तीन महिन्यांच्या जपा, आणि वर्षातून एकदा त्यातली एखादी खरंच उभी राहते का ते करून बघा.

आणि वही. एका प्लगिनला एक ओळ. नाव, कुणी मागितलं, कशासाठी, कुणी लिहिलंय, त्यांचं शेवटचं अपडेट केव्हाचं, आणि शेवटच्या रकान्यात काम संपल्यावर ते डिलीट कोण करणार त्याचं नाव. बंद नाही हं, डिलीट. दर अमावस्येला पान उघडायचं. ज्या ओळीसमोर ‘कशासाठी’ला उत्तर सुचत नाही, ते त्याच दिवशी काढायचं. काकूंकडे त्या दिवाळीत ३४ प्लगिनं होती, आता ९ आहेत. फॉर्म, पैसे आणि बॅकअप सोडलं तर बाकीच्यांची आठवणसुद्धा कुणाला आली नाही.

दाराशी टेबलावर काकूंच्या वहीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स ठेवली आहे, त्यांना विचारून. दुसरी ओळ बघा. ‘रुखवत फोटो’, मागणारी ‘मी’, म्हणजे काकूच, बसवणारा भाच्याचा मित्र, आणि काढल्याची तारीख ७ नोव्हेंबर २०२०. खाली त्यांची सही आहे. आता प्रश्न घेऊ. काका, तुम्ही आधी.